अर्धा शब्द मुलांचा

तिसरीचा वर्ग, वजाबाकीचा तास. फळ्यावर ५२ वजा २७. एका मुलीने हात वर करून उत्तर दिलं, ‘३५’. मागच्या दोन ओळींतूनही ३५ च आलं. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत अशा वेळी मी ‘चूक, बस खाली’ म्हणून पहिल्या ओळीतल्या हुशार मुलाकडे वळले असते. त्याच्याकडून २५ वदवून घेतले असते, सगळ्यांना वहीत उतरवायला लावलं असतं आणि पुढचं गणित घातलं असतं. त्या दिवशी मात्र मी विचारलं, ‘३५ कसे आले, सांग बरं.’

ती फळ्याशी आली. पाचातून दोन गेले, राहिले तीन. सातातून दोन गेले, राहिले पाच. ‘दोनातून सात जात नाही न मॅडम, मंग सातातून दोन काढले.’ तिचा नियम पक्का होता: लहानातून मोठा जात नाही. आणि तो नियम तिला मीच दिला होता. बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना ते वाक्य मी किती वेळा म्हटलं होतं, त्याची गणती नाही. तिने माझं बोलणं नीट ऐकलं होतं, म्हणूनच तिचं उत्तर चुकलं होतं.

मग मी वर्गालाच विचारलं, आणखी कोणी वेगळं केलंय का? वडिलांच्या किराणा दुकानात बसणारा एक मुलगा उठला. त्याने वजाबाकी केलीच नव्हती. २७ चे ३० व्हायला तीन, ३० चे ५० व्हायला वीस, वर दोन, झाले पंचवीस. गिऱ्हाइकाला सुटे परत देताना तो हेच करतो. तिसऱ्याने काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या, एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि मोजून दाखवलं. ३५ म्हणणारी मुलगी तोवर त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. तिने काड्या स्वतः पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, ‘दोनातून सात जात नाही तं गठ्ठा सोडा लागते.’ हातचा म्हणजे काय, हे मला त्याहून सोपं करून कधी सांगता आलेलं नाही.

त्या तासाला वहीत एकच गणित झालं. नियोजनात सहा होती.

मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते, चोवीस वर्षं झाली. या काळात कृतियुक्त, बालकेंद्री, आनंददायी, ज्ञानरचनावादी (म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं असं मानणारी) अशा अनेक नावांनी एकच मागणी आमच्यापर्यंत येत राहिली: मुलांना सहभागी करून घ्या. मागणी बरोबर आहे. मला बोलायचं आहे ते सहभाग कशाला म्हणायचं याबद्दल, आणि तो वर्गात का टिकत नाही याबद्दल. माझ्या मते मुलाचा विचार जेव्हा धड्याची वाट बदलतो, तेव्हाच तो धड्यात सहभागी झालेला असतो. ज्या शिक्षकाचा विचार वरच्या कोणाचीच वाट बदलू शकत नाही, तो शिक्षक हे मुलांना फार काळ देऊ शकत नाही.

आपल्या वर्गांत आवाज भरपूर असतो, हे कोणीही शाळेच्या बाहेरून जाताना सांगेल. ‘समजलं का?’ असं शिक्षकाने विचारलं की ‘होऽऽ’ असा एकसुरी होकार येतो. ‘महाराष्ट्राची राजधानी मुं...’ एवढं आम्ही म्हणायचं आणि ‘बई!’ मुलांनी म्हणायचं. अर्धा शब्द आमचा, अर्धा मुलांचा. चाळीस तोंडं एका वेळी हलतात, वर्ग जिवंत वाटतो, खिडकीतून पाहणाऱ्या पालकालाही बरं वाटतं. पण त्या अर्ध्या शब्दात मुलाला ठरवायला काहीच उरलेलं नसतं. ज्याला राजधानी म्हणजे काय तेच माहीत नाही, तोही शेजाऱ्याच्या आवाजाला आवाज जोडून ‘बई’ म्हणू शकतो. आणि म्हणतोच. टाळ्यांची गाणी, हातवारे, गटांना फुलांची आणि नद्यांची नावं, हे सगळं मी आनंदाने करते. लहान मुलांना लय आणि हालचाल लागतेच. तेवढ्यावर आपण थांबलो, तर तो अर्धा शब्दच राहतो.

दहा वर्षांपूर्वी आम्ही फरश्या रंगवल्या. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, काम त्याआधीच राज्यभर चर्चेत होतं आणि गाडी ठरवून शिक्षकांचे गट ते बघायला जात होते. तिथे मुलं जमिनीवर बसून गटात शिकताना दिसत होती. बाकं हललेली होती, शिक्षक फळ्यापासून सुटून मुलांमध्ये बसले होते. मुळात तिथे बदललं होतं ते शिक्षकांचं मुलांकडे बघणं आणि एकमेकांशी बोलणं. घरी परतताना आपण त्यातलं जे उचलता येतं तेवढं उचललं: ऑइलपेंटने काढलेले चौकोन, मुळाक्षरांची चक्रं, अंकांच्या आगगाड्या. गावोगावी लोकवर्गणी झाली. लोकांनी मनापासून पैसे दिले, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण पुढे कोणी शाळा बघायला आलं की फरशीचा फोटो निघू लागला. त्या फरशीवर बसलेली मुलं एकमेकांशी काय बोलतात हे ऐकायला फारसं कोणी थांबलं नाही. दोन पावसाळ्यांत रंग उडाला आणि त्याबरोबर बऱ्याच ठिकाणी ज्ञानरचनावादही संपला.

याउलट जे तीस वर्षं टिकलं, त्याकडे बघायला हवं. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून काम करत होते. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात पसरला, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने पुढे नेला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला तेव्हा सुमारे एक हजार शाळा त्यात होत्या. सहावी ते आठवीची साधी सरकारी मुलं चार-चारच्या टोळ्यांत प्रयोग करायची. पुस्तकात प्रयोग कसा करायचा ते असायचं आणि प्रश्न असायचे, उत्तरं नसायची. उत्तरं मुलांच्या वहीत तयार व्हायची. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी असायची.

मुलांचं एवढं चित्र बहुतेक लेखांत येतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यातलं शिक्षकांचं जगणं. उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणात शिक्षक स्वतः तेच प्रयोग करायचे, चुकायचे, वाद घालायचे. शास्त्रज्ञाला ‘हे आमच्या वर्गात होणार नाही’ असं तोंडावर सांगायचे, आणि पुढच्या आवृत्तीत तो धडा बदललेला असायचा. दर महिन्याला जवळच्या संगम केंद्रावर बैठक व्हायची. तिथे कोणाच्या वर्गात काय फसलं यावर बोलणं चालायचं. मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचं एक पात्र निर्माण केलं होतं. मुलं त्याला पत्रं लिहायची आणि त्या पत्रांना उत्तरं जायची. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा दुसऱ्याच दिवशी वर्गात चपलांचं रिकामं खोकं ठेवलं, वर फट पाडली आणि मुलांना सांगितलं, जे विचारावंसं वाटतं ते लिहून यात टाका. ते खोकं आता चौथं आहे.

शिक्षक बोलू शकत होता, म्हणून मूल बोलू शकत होतं. होशंगाबादचा हा धडा आपण घेतलेला नाही. आमच्याकडे सहभागी अध्यापनाचं प्रशिक्षण कसं होतं? एका सभागृहात दीडशे शिक्षक, समोर पडदा, पडद्यावर सरकत्या पट्ट्या. मुलांना बोलू द्यावं, यावर पाच तास एकजण बोलतो. एकदा मी उठून विचारलं, दोन शिक्षक आणि चार वर्ग असतील तर गटकार्य कसं बसवायचं? साधनव्यक्तीने सांगितलं, ‘प्रश्न शेवटी घेऊ.’ शेवटी चहा आला आणि उपस्थितीच्या सह्या झाल्या. त्यांचाही दोष नव्हता. त्यांनाही वरून आलेल्या पट्ट्या वेळेत संपवायच्या होत्या. आपल्याच बोलण्याला किंमत नाही असं पाच तास अनुभवून आलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी ३५ म्हणणाऱ्या मुलीला ‘कसे आले?’ विचारील, ही अपेक्षा फार मोठी आहे.

आणि हा केवळ माझा अनुभव म्हणून सांगत नाही. ‘प्रथम’ संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या वाचनाच्या आणि गणिताच्या पातळीनुसार गटांत बसवून, खेळ-कृतींतून शिकवण्याची पद्धत विकसित केली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या पुढे २०१९ चं नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह ती वेगवेगळ्या राज्यांत तपासून पाहिली. बिहार आणि उत्तराखंडमध्ये जिथे सरकारी शाळांना नुसतं साहित्य, किंवा साहित्य आणि शिक्षकांना प्रशिक्षण एवढंच दिलं, तिथे काही हललं नाही. हरियाणात शाळेच्या वेळात या कामासाठी रोजचा स्वतंत्र तास दिला, मुलांना पातळीनुसार बसवलं आणि अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन मदत केली, तिथे मुलांचं वाचन सुधारलं. साहित्याची पेटी शाळेत पोचवणं सोपं असतं. शिक्षकाला वेळ आणि सोबत देणं अवघड असतं, आणि काम त्यानेच होतं.

सहभागाच्या आड येणारी आणखी एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर असते आणि आम्हाला दिसत नाही. ती म्हणजे भाषा. पहिलीतलं मूल सांगतं, ‘मॅडम, माह्या बकरीले दोन पिल्लं झाले.’ आम्ही काय करतो? ‘माह्या नाही, माझ्या. बकरीले नाही, बकरीला. म्हण बरं.’ मूल तसं म्हणतं आणि बसतं. बकरी राहून जाते. पिल्लं कोणत्या रंगाची, दूध पितात का, रात्री कुठे ठेवली, हे सगळं त्याच्यापाशी होतं. आम्ही ते विचारलंच नाही. अशा चार-पाच दुरुस्त्यांनंतर ते मूल हात वर करायचं सोडतं आणि आम्ही त्याच्या नोंदीत ‘लाजाळू आहे’ असं लिहितो. ही वऱ्हाडी मुलांची गत. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलाची किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाची तर पूर्ण भाषाच वर्गाच्या बाहेर राहते. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, ती त्यांचा हक्क आहे. ती तिसरी-चौथीपर्यंत वाचनातून, गोष्टींतून येते, यायलाच हवी. पण बोलणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून ती आणू नये.

ताराबाई मोडक यांनी हे फार आधी ओळखलं होतं. शहरातल्या मुलांसाठी उभं केलेलं बालशिक्षण खेड्यात न्यायचं म्हणून त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या, आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये. तिथली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळाच कुरणावर गेली. कुरणशाळा हा शब्द तिथला. गुरं चरताहेत, मुलं सावलीत आहेत, आणि शिकण्याचं साहित्य म्हणजे आसपासचे दगड, बिया, पानं. पालघरच्या त्या डोंगरांत मुलाच्या दिवसाकडे बघून शाळेने आपलं वेळापत्रक बदललं. आज आपण सहभाग म्हणतो तेव्हा उलटं अपेक्षित असतं: मुलाने आमच्या ठरलेल्या तासिकेत, ठरलेल्या कृतीत, ठरलेल्या उत्साहाने सहभागी व्हावं.

या सगळ्यावर जो आक्षेप घेतला जातो, तो मला पटतो तिथपर्यंत मान्य करते. मुलांना स्वतःच सगळं शोधू द्या म्हणून सोडून दिलं, तर बरीच मुलं काहीच शोधत नाहीत. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, आईवडील शिकलेले आहेत, ती पुढे जातात. उरलेल्यांना वाचायलाही येत नाही. अक्षर आणि आवाज यांचं नातं नीट, क्रमाने, रोज शिकवावंच लागतं. पाढे पाठ हवेत. ज्याला सात आठे छप्पन आठवत नाहीत, त्याचं डोकं भागाकारात तिथेच अडकतं. मी वर्गात समजावून सांगते, फळ्यावर करून दाखवते, सराव घेते, पाढे म्हणून घेते. गटात एकच मुलगी काम करते आणि बाकीचे तिच्या वहीत डोकावतात, हेही मी रोज बघते. त्यामुळे ‘शिक्षकाने बोलू नये’ असं जे कोणी म्हणतात, त्यांच्या बाजूची मी नाही. ३५ च्या तासाला ‘आणखी कोणी वेगळं केलंय का’ हे मीच विचारलं होतं. किराणावाल्याचा मुलगा आधी उठवायचा की काड्यांवाला, हेही मीच ठरवलं. मूल बोलतं तेव्हा शिक्षकाचं काम वाढतं, कारण आता त्याला उत्तराखेरीज उत्तरामागचा विचारही ओळखावा लागतो, आणि तो पकडून पुढचा प्रश्न त्याच क्षणी रचावा लागतो. त्याला विषय पक्का यावा लागतो.

पालकांचंही म्हणणं ऐकायला हवं. ‘दिवसभर काय केलं? वही तं कोरी आहे’ असं म्हणत एक आई माझ्याकडे आली होती, आणि तिची काळजी खरी होती. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली! त्यामागचं कारण वर्गात रोज दिसतं: ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून मूल ३६ लिहितं. संख्यावाचनाची ती एक जोडवाट होती, मुलाच्या चुकीकडे नीट बघून काढलेली. ती योग्य होती की नव्हती यावर गंभीर चर्चा व्हायला हवी होती. पण पालकांना ती वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरच्या विनोदांतून कळली, आणि बहुतेक शिक्षकांना पुस्तक हातात पडल्यावर. ज्यांना आधी बोलावलं नाही, त्यांनी नंतर साथ द्यावी ही अपेक्षा तिथे फसली.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ याबाबत अगदी स्पष्ट आहे. कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकणं. शक्य तितकं मातृभाषेतून शिकणं. मूल भयमुक्त असणं आणि त्याने मोकळेपणी मतं मांडणं, हे १ एप्रिल २०१० पासून या देशाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे ३५ कसे आले हे सांगू देणं ही माझी मेहेरबानी नाही, तो त्या मुलीचा हक्क आहे. त्यासाठी माझी मागणी फार मोठ्या खर्चाची नाही. महिन्याच्या शिक्षण परिषदेतला अर्धा वेळ परिपत्रकं वाचण्यातून काढा आणि प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गातलं एक चुकीचं उत्तर घेऊन यायला सांगा. मुलाने असं का लिहिलं असेल यावर वीस मिनिटं बोलू द्या. संकलित चाचणीत निदान एक प्रश्न असा ठेवा, ज्यात उत्तराला कमी आणि ‘कसं काढलं’ याला जास्त गुण असतील. परीक्षेत जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपण सगळे जाणतो. आणि भेटीला येणाऱ्या साहेबांनी फरशीचा, फलकांचा, आमचा फोटो काढू नये. त्यांनी एक तास मागे मुलांमध्ये मांडी घालून बसावं. जाताना मला एवढंच सांगावं की कोणतं मूल काय म्हणालं आणि माझ्या कानांवरून काय निसटलं. चोवीस वर्षांत हे मला एकदाच एका केंद्रप्रमुखांनी सांगितलं. ते दोन-तीन वाक्यांतच बोलले होते, पण माझी नजर कोणत्या कोपऱ्याकडे कधीच जात नाही हे मला त्यांच्यामुळे कळलं.

मागच्या शनिवारी खोक्यातून अकरा चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर पेन्सिलने लिहिलं होतं: ‘हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट काहून लागते?’ खाली नाव नव्हतं. मी उत्तर सांगणारच होते, तेवढ्यात एकजण म्हणाला की पाणी कोमट नसतेच, आपले हात थंडे असतात. दुसरीने त्याला खोटं पाडलं. वर्गात दोन तट पडले. कोण बरोबर हे ठरवायचं कसं, यावर मधल्या सुट्टीपर्यंत भांडण चाललं, आणि शेवटी ठरलं की हायस्कूलमधून थर्मामीटर मागून आणायचं, बादलीने विहिरीचं पाणी काढायचं आणि सकाळी एकदा, दुपारी एकदा, असं आठ दिवस मोजायचं. हवेचंही मोजायचं, हे त्या थंड्या हातवाल्यानेच सुचवलं. या आठवड्यात नियोजनानुसार दुसरा धडा आहे. तो पुढच्या आठवड्यात घेईन.